पुरळ कितव्या दिवशी उठले?

प्रश्न : माझ्या अकरा महिन्यांच्या मुलाला तीन दिवस १०३ अंशांपर्यंत ताप होता. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि अंगावर गुलाबी पुरळ उठले. हा गोवर आहे की औषधाची ॲलर्जी?

उत्तर : आपण दिवस मोजून लिहिलेत, त्यामुळे उत्तर बरेच सोपे झाले. गोवरात पुरळ उठताना ताप उतरत नाही, चढतो. त्याआधी तीन-चार दिवस खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे असतात, आणि पुरळ कानामागून व कपाळावरून सुरू होऊन क्रमाने खाली पायांपर्यंत पसरते. ताप पूर्ण उतरल्यावर छाती-पाठीवर पुरळ येणे आणि मूल पुन्हा खेळू लागणे हे बहुधा रोझिओला या विषाणुजन्य आजाराचे लक्षण असते. सहा महिने ते दोन वर्षे या वयात तो सर्रास आढळतो आणि पुरळ आपोआप मावळते. याच दिवसांत अँटिबायोटिक सुरू असेल, तर दोष त्याच्यावर जातो आणि 'हे औषध चालत नाही' असा शिक्का मुलावर कायमचा बसतो. म्हणून बालरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय तसे ठरवू नये. गोवर-रुबेलाची लस आठवडा-दीड आठवड्यापूर्वी टोचली असेल, तर तिच्यामुळेही सौम्य ताप व पुरळ येऊ शकते.

प्रश्न : गोवर आलेल्या मुलाला औषध देऊ नये, केवळ कडुलिंबाचा पाला ठेवावा, असे घरातील ज्येष्ठ सांगतात.

उत्तर : पाला उशाशी ठेवण्यास हरकत नाही; औषध थांबवण्यास मात्र ठाम हरकत आहे. गोवरात मूल दगावते ते बहुधा न्यूमोनियाने किंवा जुलाबाने. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराची साथ आली, तेव्हा लस न घेतलेल्या मुलांची संख्या मोठी होती. अशा मुलाला लागोपाठ दोन दिवस वयानुसार 'अ' जीवनसत्त्वाचा डोस द्यावा लागतो. तो डॉक्टरांकडूनच घ्यावा. अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहार चालू ठेवावा, आणि पुरळ उठल्यापासून चार दिवस इतर मुलांना दूर ठेवावे.

प्रश्न : वय ३४. डेंग्यूचा ताप पाचव्या दिवशी उतरला, आता हातापायांवर लाल पुरळ व खाज आहे. प्लेटलेट ९० हजार. पपईच्या पानांचा रस घ्यावा का? कामावर जाऊ का?

उत्तर : इतक्यात जाऊ नका. डेंग्यूत ताप उतरला की घरातले निर्धास्त होतात, परंतु धोक्याचा काळ नेमका तेव्हाच, पुढील २४ ते ४८ तासांत असतो, कारण या काळात रक्तवाहिन्यांमधून द्रव बाहेर झिरपून रक्तदाब घसरू शकतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, विलक्षण मरगळ किंवा अस्वस्थता यांपैकी काहीही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. लालसर त्वचेत मधूनमधून पांढरे ठिपके सुटलेले, खाजरे पुरळ मात्र बहुतेकदा आजार उताराला लागल्याची खूण असते. प्लेटलेटच्या एकट्या आकड्यामागे धावण्यापेक्षा सोबतचा हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) वाढतो आहे का, हे डॉक्टरांना विचारा. रक्तस्राव नसेल, तर आकडा ९० हजार असताना प्लेटलेट चढवण्याची गरज नसते. पपईच्या रसाच्या भरवशावर तपासणी लांबवू नये. तापाला केवळ पॅरासिटॅमॉल. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेऊ नये.

प्रश्न : भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याला आठ दिवस ताप, डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह, पुरळ अगदी अंधूक.

उत्तर : स्क्रब टायफसचा विचार करावा. गवतातील सूक्ष्म किड्यांच्या अळ्या चावल्याने तो होतो, आणि २०१८ मध्ये विदर्भाने त्याचा उद्रेक अनुभवला आहे. सावळ्या त्वचेवर पुरळ दिसतेच असे नाही. म्हणून काख, जांघ, कंबरपट्ट्याची जागा कपडे काढून पाहावी. तेथे सिगारेटच्या चटक्यासारखा, न दुखणारा काळा डाग आढळला, तर निदान जवळपास हाती आले. नसला तरी शंका फिटत नाही. वेळेत दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने ताप साधारण दोन दिवसांत उतरतो; उशीर झाल्यास फुप्फुसे आणि मूत्रपिंडे आजाराच्या तडाख्यात सापडतात.

प्रश्न : कोणते पुरळ दिसल्यास रात्रीच इस्पितळ गाठावे?

उत्तर : काचेचा पारदर्शक पेला डागांवर दाबून पाहावा; ताप असताना लाल-जांभळे डाग दाबूनही फिके पडत नसतील, तर सकाळची वाट पाहू नये. नवे औषध, विशेषतः फिटचे किंवा यूरिक ॲसिडचे, सुरू केल्यापासून काही आठवड्यांत ताप, पुरळ आणि तोंडात वा डोळ्यांत फोड आले, तर ते औषध थांबवून त्याची पट्टी घेऊनच निघावे. फिटचे औषध असल्यास पर्यायी गोळी त्याच रात्री ठरवून घ्यावी.