वाफा कुणाचा?

(अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत एकोणतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या बाई या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी शाळेच्या परसबागेविषयी.)

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी शाळा पहिली ते चौथीची, पट 31. यंदा आम्ही परसबाग केली. मागच्या आठवड्यात एका मुलाचे आईवडील शाळेत आले. दोघं मजुरीला जातात. म्हणाले, "आम्ही दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबतो ते पोरानं शिकावं म्हणून. आणि तुम्ही त्याच्या हातात खुरपंच देता?" मला काही बोलता आलं नाही. बाग बंद करू का?
— एक शिक्षिका, जुन्नर तालुका

उत्तर : बाग बंद करू नका. पण त्या आईवडिलांचं म्हणणंही खोडून काढू नका. ते खरं बोलत आहेत.

नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्याकडेही असाच एक बाप आला होता. आदल्या आठवड्यात शाळेची तपासणी झाली होती. बाग डोळ्यांत भरावी म्हणून मी चौथीच्या मुलांकडून दोन दिवस हापशावरून बादल्या वाहून घेतल्या, विकत आणलेली वांग्याची रोपं ओळीत लावून घेतली आणि वर पाटी ठोकली. साहेब खूश होऊन गेले. तो बाप मात्र ओट्यावर टेकून एवढंच म्हणाला, "बाई, पाणी तर तो घरी पण वाहतो." त्या दोन दिवसांत त्याचा मुलगा माझ्या बागेत काय शिकला, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हापासून बागेतलं कुठलंही काम काढण्याआधी मी बघू लागले, की यातलं मुलं काय ठरवणार आहेत. काहीच नसेल, तर ती मजुरी. मग ते काम मी स्वतः करायचे किंवा मोठ्या माणसांकडून करून घ्यायचे.

एक उदाहरण सांगते. चौथीच्या मुलांना मी 12 मीटर सुतळी दिली आणि विचारलं, "हिच्यात जास्तीत जास्त मेथी मावेल असा चौकोनी वाफा आखा." एका गटानं 5 मीटर लांब, 1 मीटर रुंद आखला, दुसऱ्यानं 4 बाय 2, तिसऱ्यानं 3 बाय 3. सुतळी तेवढीच, पण आत जागा निघाली 5, 8 आणि 9 चौरस मीटर. परिमिती आणि क्षेत्रफळ यांत गोंधळ करणारी मुलं फळ्यापुढे मी वर्षानुवर्षं पाहिली होती. त्या दिवशी हा गोंधळ मिटला. तिसरा गट जिंकला आणि आम्ही त्यांचा वाफा पेरला.

पुढची गंमत मला स्वतःलाही आधी सुचली नव्हती. तीन आठवड्यांनी तण काढायची वेळ आली आणि मधोमध कुणाचाच हात पुरेना. आत पाय टाकावा, तर मेथी तुडवली जाते. मुलं बांधावर उकिडवी बसून वाद घालत होती. अखेर एका मुलीनं आपला हात सुतळीनं मोजला, तो अर्ध्या मीटरच्या आसपास भरला. दोन बाजूंनी दोघं बसले, तर वाफा 1 मीटरच रुंद हवा, असं तिनं सांगितलं. म्हणजे हरलेला वाफाच कामाचा निघाला. शेतकरी वाफे लांबट का करतात, हे त्या वर्षी मला कुणाला शिकवावं लागलं नाही.

मेथी निघाली तेव्हा तराजू आणला. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी धरलेली असते. तुमच्या 31 मुलांचा हिशोब त्यांनाच करू द्या, 1 किलो 550 ग्रॅम येईल. आमची निवडलेली मेथी दोन दिवसांतच संपली. मग तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "एकदम पेरली म्हणून एकदम संपली." त्याच्याच सांगण्यावरून पुढच्या हंगामात आम्ही दर आठ दिवसांनी एकेक वाफा पेरला. हे सगळं वहीत यायला हवं: तारीख, माप, वजन, चित्र. त्या आईवडिलांना पुन्हा बोलवाल तेव्हा बाग दाखवू नका, त्यांच्या मुलाची वही दाखवा.

ही भीती आपल्या दोघींचीच नाही. 1937 मध्ये वर्ध्याला नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याच्या योजनेची, मांडणी झाली, तेव्हा मुलांच्या हस्तोद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा, अशी गांधीजींची अपेक्षा होती आणि तिच्यावर टीकाही झाली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं योजना उचलून धरली, पण कमाईच्या नादात शिक्षण मागे पडण्याचा धोका आहे, हेही आपल्या अहवालात बजावून ठेवलं. हल्ली परसबागांच्या स्पर्धा होतात, फोटो मागवले जातात. घाई वाढली, की कामं मुलांच्या अंगावर पडतात, तेव्हा हा इशारा आठवावा.

आणखी एक करा. त्या आईला एक दिवस शिकवायला बोलवा. काम करायला नव्हे, पोरांपुढे उभं राहून सांगायला. त्या दिवसाची तिची मजुरी बुडणार नाही, असा दिवस तिलाच विचारून ठरवा. आमच्याकडे एका मुलाची आजी वालाचं बी घेऊन आली होती, गाडग्यात, राखेत घोळून ठेवलेलं. राख का, असं पोरांनी विचारलं. तिनं किडीचं सांगितलं, ओलीचं सांगितलं, आणि कुठला वाल कुठल्या जमिनीत धरतो, हेही सांगितलं. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी त्यांना 2020 सालची पद्मश्री मिळाली. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा आजी मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांचा नातू वर्गात मोठ्यानं बोलायला लागला.

दोन गोष्टींवर मात्र कडक राहा. शिक्षा म्हणून कुणालाही वाफ्यात पाठवायचं नाही. आणि मुलं खणणार, मुली निंदणार, अशी वाटणी होऊ द्यायची नाही. ती आपोआप होते, दर आठवड्याला मोडावी लागते.

प्रश्न : मेथी उगवली, पण तिच्याच शेजारी त्याच दिवशी पेरलेली कोथिंबीर आली नाही. मुलं रोज माती उकरून बघतात आणि हिरमुसतात. नवीन पेरू का?
— एक शिक्षक, मुरबाड

उत्तर : थांबा थोडं. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, धण्यांना आठ-दहा दिवस लागतात, थंडीत त्याहूनही जास्त. धणे अख्खेच पेरले असतील, तर पुढच्या वेळी चपलेनं हलके रगडून त्यांची दोन फाकं करा आणि रात्रभर भिजवून पेरा. वाफा काळ्या मातीचा असेल, तर तो चारसहा बोटं उंच करा, नाहीतर पाणी साचून बी कुजतं.

मुलांना उकरू नका म्हणून रागावू नका. त्यांना बघायचंच आहे, तर नीट बघू द्या. ओल्या फडक्यात दहा दाणे गुंडाळून वर्गात ठेवा आणि रोज एकदा उघडा. दहातल्या सहांना मोड आले, तर शंभरातल्या किती दाण्यांना येतील, हे चौथीची मुलं सांगतील आणि बी किती दाट पेरायचं, तेही ठरवतील. एकालाही मोड आला नाही, तर बी जुनं आहे. ते उगवलं नाही, असंच वहीत लिहून ठेवा. आमच्या शाळेत रात्रीतून रोपं आणून रिकामा वाफा भरायची चूक मी एकदा केली होती. सकाळी पोरांनी ओळखलं. पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ही आमची नाहीत." तिचं बरोबर होतं.

प्रश्न : ठाण्यात आमच्या मुलीच्या शाळेला मातीचं अंगणच नाही, सगळं सिमेंट. पालक म्हणून आम्ही काय सुचवावं?
— एक वाचक

उत्तर : भाजीवाल्याकडचे प्लास्टिकचे क्रेट मागून आणा. आत गोणपाट घाला म्हणजे पाणी निथळेल, माती राहील. वीतभर माती आणि शेणखत पालक-मेथीला पुरतं. क्रेट गच्चीवर नेऊ नका. ओल्या मातीचं वजन फार असतं आणि लहान मुलं जिन्यावरून पाणी नेतात, त्याचीही काळजी. खाली भिंतीलगत ठेवा, पण आधी मुलांनाच एक दिवस दर तासाला खडूनं सावलीची कड आखायला सांगा. पाच-सहा तास ऊन कुठे राहतं, ते फरशीवरच दिसेल. पेरणी जूनमध्ये शाळा भरली की करा, आणि शेवटचा क्रेट एप्रिलच्या मध्याला रिकामा होईल असा हिशोब ठेवा. मे महिन्यात पाणी घालायला शाळेत कुणी नसतं.