घरी स्पार्कलिंग वाइन थंड कशी करायची आणि उघडायची कशी? फ्रीझरमध्ये टाकली तर चालते का? आणि उंच निमुळते ग्लास नसतील तर कशात द्यायची? आम्ही चौघं आहोत, बाटली एकच आहे.

तुम्ही एका प्रश्नात चार प्रश्न विचारलेत. फ्रीजमध्ये किती वेळ ठेवायची, घाई असेल तर फ्रीझर चालेल का, उघडताना बूच कुणाला लागू नये आणि निम्मी बाटली फेसात जाऊ नये म्हणून काय करायचं, आणि ते उंच निमुळते ग्लास घरात नाहीत तर कशात द्यायची. चौघांत एक बाटली आहे असंही म्हणालात. तर आधी हे सांगतो की यातलं निम्मं काम बाटली नीट गार झाली की आपोआप होतं. बूच फाटकन उडणं, फेस भसाभसा बाहेर येणं, ग्लासात ओतल्यावर पाच मिनिटांत सगळी फसफस संपणं, या तिन्हीच्या मागे बहुतेक वेळा एकच कारण असतं, बाटली हाताला गार लागत असते पण आतली वाइन अजून गार झालेली नसते.

असं का होतं ते थोडक्यात. आत जो कार्बन डायऑक्साइड असतो तो वाइन जितकी थंड तितका जास्त विरघळून राहतो, आणि गरम झाली की बाहेर पडायला बघतो. शॅम्पेनच्या एका लिटरमध्ये साधारण १२ ग्रॅम गॅस असतो म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीत ९ ग्रॅम, तो मोकळा सोडला तर जवळजवळ ५ लिटर होतो, विचार करा एवढ्याशा बाटलीत तो कोंबलेला आहे. बाटली व्यवस्थित गार असेल तर आतला दाब ४-५ बारच्या (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) आसपास असतो, खोलीच्या तापमानाला तो ६ किंवा त्याहूनही वर जातो. गाडीच्या टायरमध्ये आपण सव्वादोन-अडीच बार हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. म्हणून तर त्या बाटलीची काच इतकी जाड असते, शॅम्पेनची नुसती रिकामी बाटलीच ८३५ ग्रॅमच्या आसपास भरते. आणि काच जाड म्हणजे ती थंड व्हायलाही वेळ खाते, हे लोक विसरतात आणि साध्या वाइनच्या किंवा बियरच्या हिशोबाने तासाभरात बाहेर काढतात.

आता वेळ. फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर किमान ३-४ तास धरा, सकाळीच ठेवून दिलीत तर सगळ्यात बरं. फ्रीजच्या दारात ठेवू नका, दार उघडलं-लावलं की ती हलते आणि दारात थंडावाही कमी असतो, आत मागच्या बाजूला ठेवा. प्यायला द्यायचं तापमान साधारण ८ ते १० डिग्री. प्रोसेक्को (इटलीची स्पार्कलिंग वाइन) वगैरे हलकी असेल तर ६-८ पण छान लागते, गोड असेल (लेबलवर डेमी-सेक लिहिलेलं असतं, लिटरला ३२ ते ५० ग्रॅम साखर) तर अजून थोडी गार द्या म्हणजे गोडवा अंगावर येत नाही. उलट जुनी, भारीतली शॅम्पेन कुणी भेट दिली असेल तर १०-१२ पर्यंत चालते, कारण फार गार केली की तिचा वास मिटून जातो आणि पैसे तर त्या वासाचेच मोजलेले असतात. थर्मामीटर लागत नाही हो, घरचा फ्रीज साधारण ४-५ डिग्रीला असतो, पूर्ण गार झालेली बाटली बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं टेबलावर ठेवलीत की जवळपास बरोबर जागी येते.

पण माझं मत विचाराल तर फ्रीजपेक्षा बर्फाची बादली भारी. आणि इथे एक गोष्ट जवळजवळ सगळेच चुकवतात, नुसता बर्फ भरतात. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, बाटलीला बर्फ इथे-तिथे टेकतो फक्त, आणि हवेतून थंडावा पोचायला कितीतरी वेळ लागतो. अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी घाला, पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं आणि उष्णता पटापट ओढून घेतं. अर्ध्या तासात काम होतं. अजून घाई असेल तर दोन-तीन मुठी मीठ टाका, मिठाने बर्फ वितळायचं तापमान शून्याच्या खाली जातं म्हणजे ते पाणीच शून्याच्या खाली जातं, मग पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मधेमधे बाटली त्या पाण्यात हळूच गोल फिरवायची (हलवायची नाही, फिरवायची), म्हणजे आतली काचेला लागलेली गार वाइन आणि मधली कोमट वाइन एक होते. खास बादली नसेल तर मोठं पातेलं, प्लास्टिकची बालदी, काहीही चालतं, फक्त खोल हवं.

खोल का, तर मानेसाठी. बादली उथळ असली की बाटलीची मान पाण्याच्या वर राहते, खालची वाइन मस्त गार आणि मानेतली कोमट. आणि उघडल्यावर पहिली बाहेर येते ती मानेतलीच! मग फेस येतो, पहिला ग्लास कोमट जातो, आणि पाहुणे म्हणतात गार नाही झाली. म्हणून पाणी जमेल तितकं मानेपर्यंत येऊ द्या, आणि बादली तेवढी खोल नसेल तर शेवटची काही मिनिटं बाटली उलटी करून मान बुडवून ठेवली तरी चालतं, फक्त सावकाश उलटी करायची आणि उघडायच्या आधी परत सरळ करून थोडा वेळ शांत उभी ठेवायची.

फ्रीझरचं म्हणाल तर, चालतो पण मला आवडत नाही. अर्ध्या तासापर्यंत ठीक आहे, गजर लावून. अडचण अशी की फ्रीझर असतो उणे १८ डिग्रीला आणि १२ टक्के अल्कोहोलची वाइन उणे ५-६ च्या आसपास गोठायला लागते. गोठताना पाणी फुगतं आणि त्याच वेळी बर्फात गॅस मावत नाही म्हणून तो बाहेर ढकलला जातो, म्हणजे दाब दोन्ही बाजूंनी वाढतो, बूच सुटतं नाहीतर बाटली फुटते. फ्रीझरमध्ये ठेवून गप्पांत विसरणं हे फार सोपं आहे, म्हणून बर्फ-पाणी-मीठ तितक्याच वेळात होत असताना ही जोखीम कशाला.

ग्लास मात्र फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवू नका. थंड ग्लास बाहेर काढला की त्यावर दमटपणा धरतो, त्याने बुडबुड्यांचं काम बिघडतं. आणि वाइनमध्ये बर्फाचे खडे पण नकोत, काही गोड प्रकार खास बर्फावर प्यायलाच बनवतात तो अपवाद, बाकी पातळ होते आणि खड्यावर पडल्या पडल्या गॅस निघून जातो.

आता उघडणं. बाटली बाहेरून, गाडीतून वगैरे आणली असेल तर आधी तिला स्वस्थ उभी राहू द्या, घरी आल्या आल्या उघडायची नाही. बर्फाच्या पाण्यातून काढली की नीट पुसून घ्या, ओली बाटली हातातून सटकते. वरचा चकचकीत कागद काढा. मग तारेची जाळी असते, तिचा पीळ साधारण सहा अर्धे फेरे उलटा फिरवला की सुटतो, आणि इथून पुढे एक क्षणही अंगठा बुचावरून काढायचा नाही, जाळी सैल झाली म्हणजे बुचाला धरून ठेवणारं आता तुमच्या हाताशिवाय काही नाही. मी जाळी काढतही नाही, सैल करून तशीच बुचावर राहू देतो, वरून कोरडा नॅपकिन टाकतो आणि सगळं एकत्र मुठीत धरतो, पकड चांगली मिळते.

बाटली ४५ डिग्रीत तिरकी धरा, तोंड माणसांकडे नको, दिव्याकडे नको, काचेच्या कपाटाकडे तर नकोच. अमेरिकेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची संघटना दरवर्षी सणासुदीला याबद्दल सावध करते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बूच ताशी ८० किमीपर्यंत वेगाने सुटू शकतं, डोळा जायला तेवढं पुरे. बूच घट्ट धरायचं आणि फिरवायची बाटली, तळाला धरून, हळूहळू. बूच आपसूक वर यायला लागतं, तेव्हा ते ओढायचं नाही, उलट हलकं दाबून अडवत राहायचं आणि शेवटी किंचित एका बाजूला कलवायचं म्हणजे गॅस फटीतून हळूच निघतो. आवाज आला पाहिजे तो बारीक 'फुस्स' एवढाच. पार्टीत टाळ्या पडाव्यात म्हणून मुद्दाम हलवून धाडकन उडवणं ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल उडवावं, पण मग वाइन जमिनीवर गेली म्हणून कुरकुर करू नये. बूच अडून बसलं तर कॉर्कस्क्रू अजिबात लावायचा नाही, आतल्या दाबाने तो बुचासकट तोंडावर येईल, नॅपकिनने पकड बदलून परत सावकाश प्रयत्न करा. बूच निघाल्यावर लगेच बाटली सरळ उभी करू नका, दोन-चार सेकंद तशीच तिरकी राहू द्या, फेस बसतो.

ओतण्याबद्दल फ्रान्समधल्या रॅंस विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ आहेत, शॅम्पेनचे बुडबुडे हाच त्यांचा अभ्यासाचा विषय (हेवा वाटावा अशी नोकरी), त्यांच्या टीमने २०१० मध्ये मोजून दाखवलं की ग्लास तिरका धरून बियरसारखं कडेने ओतलं तर सरळ मध्ये ओतण्यापेक्षा बराच जास्त गॅस वाइनमध्ये टिकतो. त्यांनी ४, १२ आणि १८ डिग्रीला करून बघितलं, आणि जितकी थंड तितका कमी गॅस उडाला. म्हणजे परत तेच, गार करा. प्रत्येक ग्लासात आधी थोडी ओतून फेस बसू द्या आणि मग दुसऱ्या फेरीत भरा, तेही दोन तृतीयांशापर्यंतच.

आता ग्लास. फ्लूट, म्हणजे ते उंच निमुळते ग्लास, नाहीत म्हणून अडायचं काहीच कारण नाही, साधे व्हाइट वाइनचे ग्लास, मध्ये फुगीर आणि वर जरा निमुळते, हे मला फ्लूटपेक्षा जास्त आवडतात कारण फ्लूटमध्ये नाक जात नाही आणि वास कळत नाही. पसरट बशीसारखे ग्लास असतात ते फोटोत छान दिसतात पण गॅस त्यातून लवकर जातो. कसलाही ग्लास असू दे, साबण नीट धुऊन काढा, साबणाचा पातळ थर राहिला की बुडबुडे मरतात. आणि गंमत म्हणजे एकदम गुळगुळीत, धूळ-तंतू काही नसलेल्या ग्लासात बुडबुडे जवळजवळ येतच नाहीत, ते सुरू होतात ग्लासात चिकटलेल्या कापडाच्या किंवा हवेतल्या बारीक तंतूंपासून, म्हणून गरम पाण्याने धुऊन सुती कापडाने पुसलेला ग्लास उत्तम. म्हणजे एकाच वाइनला एका ग्लासात भरपूर बुडबुडे आणि शेजारच्यात कमी दिसले तर दोष वाइनचा नाही.

७५० मिलीत १२५ मिलीचे सहा ग्लास होतात, चौघांना एकेक आणि थोडी उरते. मधल्या वेळात बाटली परत बर्फाच्या पाण्यात ठेवा, पण तासन्‌तास नको, शून्याजवळ गेली की चवच लागत नाही. उरलीच तर मानेत चमचा अडकवून ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच, त्याने काही होत नाही. जुनं बूच परत जात नाही, ते बाहेर आल्यावर फुगून छत्रीसारखं होतं. कडेला पकडून बसणारं स्पार्कलिंगसाठीचं स्टॉपर मिळतं, ते लावून लगेच फ्रीजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी छान लागते, तिसऱ्या दिवशीही चालून जाते. ते नसेल तर साधं बूच कोंबून ठेवू नका, रात्रीत उडतं, नुसती उघडी फ्रीजमध्ये उभी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवून टाका.