नव्या मॅडमना, शाळा उघडण्याआधी

विदर्भात शाळा जूनअखेर उघडते आणि पहिल्याच आठवड्यात वर्गाचं वळण ठरतं. आधी तुम्ही वेळेवर या, मग उशिरा येणाऱ्यांना बोला. सकाळच्या प्रार्थनेला एखादं पोरगं हात जोडत नसेल, तर शांत उभं राहिलं तरी पुरे. मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत सामील व्हायला लावता येत नाही, घटनेचं कलम २८(३) वाचून ठेवा. छडी तर नाहीच. आणि डायरीत शेरा लिहिण्याआधी विचारा. माझ्या वर्गातला एक मुलगा रोज मळक्या कॉलरचा शर्ट घालून यायचा. मी तीनदा शेरा लिहिला. चौथ्यांदा मधल्या सुट्टीत जवळ बसवलं, तेव्हा कळलं, आई नागपूरच्या मेयो रुग्णालयात भरती, गणवेशाचा जोड एकच. तिन्ही शेरे मी त्याच्यासमोरच खोडले.