कायोटी (अमेरिकेतले लांडग्या-कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) बघायचेत? आधी गवत कधी कापणारेत ते विचार

अरे रात्री टॉर्च घेऊन भटकू नकोस. इकडे अमेरिकेत इलिनॉय राज्यात शेतं खाजगी असतात, मालकाला विचारूनच जा आणि चाऱ्याचं गवत कधी कापणार तेही विचार, कारण ट्रॅक्टर फिरला की उंदीर उघडे पडतात आणि कायोटी भरदिवसा मागे येतो, कान टवकारून थांबतो, मग उंच उडी मारून पुढच्या पायांनी दाबतो, भारी दिसतं ते! वारा त्याच्याकडून तुझ्याकडे येईल असं बस. विष्ठेत केस, हाडं, फळांच्या बिया दिसतात, पण हात लावू नको, जंतांची अंडी असू शकतात. ओरडण्यावरून किती कायोटी आहेत ते तर लिहूच नको, दोघंच दहा जणांचा गोंधळ घालतात. एप्रिल-मेमध्ये बिळापासून लांब राहा, त्रास झाला तर ते पिल्लं दुसरीकडे हलवतात.