खडखड नेमकी कुठून येते? शांत कीबोर्ड आणि बऱ्या माउसबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रात्रपाळीचं काम घरूनच असतं. हौसेनं निळ्या स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. पलीकडच्या खोलीतून आई सकाळी विचारते, "काय टकटक करायलास रे रातभर?" टोप्यांखाली रबरी रिंगा घालून बघितल्या, फरक काही पडला नाही. हाच सुधारेल की नवा घेऊ? (टिळकवाडी, बेळगाव)

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाच्या टोपीखाली सुटा स्विच असतो, आणि निळा, तपकिरी, लाल हे रंग स्विचचा प्रकार सांगतात. रबरी रिंग टोपीच्या खाली बसते आणि बटण तळाला आपटतं तेवढाच धक्का मऊ करते. निळ्या स्विचची 'टिक' त्याच्या आधी होते. त्या स्विचचा पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा. त्यात सुमारे निम्म्या वाटेवर आतला प्लास्टिकचा छोटा तुकडा झटक्यानं खाली सुटतो आणि टिक वाजते. ती मुद्दामच ठेवलेली असते. त्यामुळे रिंगा, फोम, खाली जाड कापड यांतल्या कशानंही ती जाणार नाही. स्विच बदलणं हा एकच इलाज.

आता बघायचं ते हे की तुमच्या कीबोर्डचे स्विच उपसून निघतात का. पेटीवर 'हॉट-स्वॅप' लिहिलेलं असेल तर निघतात. पेटी हरवली असेल तर सोबत आलेलं सामान आठवा. तारेचा चिमटा टोप्या काढायचा असतो. चपट्या तोंडाचा दुसरा धातूचा चिमटाही मिळाला असेल तर बहुधा स्विच निघतील. तो नसेल आणि स्विच सोल्डर करून जोडलेले असतील तर शंभर जागी दोन-दोन टाके सोडवण्याच्या भानगडीत पडू नका. तो कीबोर्ड आवाजाची अडचण नसलेल्या कुणाला तरी विकून मोकळे व्हा.

स्विच निघत असतील तर नव्या स्विचच्या नावात 'सायलेंट' हा शब्द असलाच पाहिजे. दुकानदार तपकिरी स्विच 'शांत' म्हणून देतो. त्यात टिक नसते हे खरं, पण तळाला आपटणं आणि वर उसळून परत येणं हे दोन्ही आवाज तसेच राहतात. लाल स्विचचंही तेच. सायलेंट स्विचमध्ये आतल्या सरकत्या दांड्याच्या खाली आणि वर अशा दोन्ही बाजूंना मऊ गाद्या असतात, म्हणून जाताना आणि येताना दोन्हीकडे आवाज दबतो. चेरी कंपनीच्या सायलेंट रेड स्विचला साध्या लालइतकाच, सुमारे ४५ ग्रॅमचा दाब लागतो आणि प्रवास ३.७ मिलिमीटर आहे. निळ्याला ६० ग्रॅम लागतात, त्यामुळे पहिले चार दिवस बोट चुकून टेकलं तरी अक्षर उमटेल. सवय होते.

नंबरपॅडसह पूर्ण कीबोर्डला १०४ स्विच लागतात, नंबरपॅड नसलेल्याला ८७. चार-पाच जास्तीचे घ्या. बसवताना वायर काढून ठेवा, स्विच सरळ वर उपसा, आणि नवा बसवण्याआधी त्याचे दोन्ही तांब्याचे पाय उजेडात धरून बघा. पाय किंचित वाकलेला असला की दाबताना तो आतल्या आत दुमडतो. वरून स्विच नीट बसलेला दिसतो, पण अक्षर उमटत नाही. असं झालं तर स्विच काढून पाय चिमट्यानं सरळ करा आणि परत बसवा. काही स्विचना प्लास्टिकचे दोन ज्यादा पाय असतात. कीबोर्डच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर त्यांची भोकं नसतील तर ते नखं कापायच्या कटरनं उडवले तरी चालतात.

एवढं करूनही रात्री आवाज आला तर तो स्पेसबारचा असणार. स्पेस, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस या लांब बटणांखाली तोल सांभाळणारी तार असते. ती तिच्या प्लास्टिकच्या खोबणीत सैल असली की खुळखुळते. स्पेसबारच्या डाव्या टोकाला एक बोट, उजव्या टोकाला दुसरं ठेवून आलटून-पालटून हलकं दाबा. पत्र्याचा डबा हलवल्यासारखा बारीक खर्र आवाज आला तर दोष तारेचा. टोपी काढून तारेच्या दोन्ही वाकलेल्या टोकांना तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. शिलाई मशीनचं तेल घालू नका. ते पातळ असतं, ओघळून स्विचमध्ये जातं आणि धूळ धरतं.

टेबलही वाजतं. प्लायवूडच्या पोकळ टेबलावर कीबोर्ड म्हणजे तबल्यावर थाप. खाली तीन-चार मिलिमीटर जाडीचा कापडी डेस्कमॅट घाला, आणि मागचे दुमडते पाय मिटवून ठेवा. ते उघडले की कीबोर्ड चारच टोकांवर उभा राहतो, मधला भाग घुमतो, शिवाय मनगट मागे वाकून दुखायला लागतं.

नव्यानंच घेणार असाल आणि मेकॅनिकलचा हट्ट नसेल तर लॅपटॉपसारखी बसकी, कात्रीच्या यंत्रणेची बटणं असलेला कीबोर्ड घ्या. प्रवास कमी, त्यामुळे आपटणंही कमी. एक सांगून ठेवतो : खडे बाजार, गणपत गल्लीच्या गजबजाटात दुकानात उभं राहून कोणताही कीबोर्ड शांतच वाटतो, आणि काचेच्या काउंटरवर ठेवला तर प्रत्येकच वाजतो. तो मांडीवर घ्या, नेहमीच्या वेगानं दोन ओळी टाईप करा आणि मग स्पेसबारची दोन टोकं तपासा. एकेक बटण हळू दाबून काही कळत नाही.

प्रश्न : अर्ज लिहून देण्याचं काम करते. मराठी आणि कन्नड दोन्ही टाईप करावं लागतं, दोन्ही इनस्क्रिप्टमध्ये. डावं शिफ्टच आधी खिळखिळं होऊन वाजायला लागतं, असं का? पावसाळ्यात एकदम चार-पाच बटणं बंद पडतात तेही सांगा. (खानापूर)

डाव्या शिफ्टचं कारण तुमच्या लिपीतच आहे. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला आणि स्वरचिन्हं डाव्या हाताला. ख, घ, थ, ध, भ, श, ळ ही सगळी शिफ्ट दाबून येतात, आणि अक्षर उजव्या हातानं मारायचं म्हटलं की शिफ्ट डाव्या करंगळीवर येतं. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला एकदा शिफ्ट लागतं, मराठीत एकाच शब्दात दोनदा लागू शकतं. 'बेळगाव' घ्या : वाय, एस, शिफ्ट-एन, आय, ई, बी. कन्नडात 'बेळगावी' लिहिताना वाय, झेड, शिफ्ट-एन, आय, ई, बी, एफ. ब, ळ, ग, व चारही त्याच जागी. फरक एवढाच की कन्नडात ऱ्हस्व ए वेगळा आहे आणि तो झेडवर येतो, शेवटी वेलांटीचा एफ. भारतीय लिप्यांना एकच मांडणी असावी म्हणून इनस्क्रिप्ट केलं गेलं, १९९१ च्या भारतीय मानकात ते आलं, आणि आपल्या भागात त्याचा फायदा रोज दिसतो : बोटं एकदा शिकली की दोन्ही भाषा हाताशी.

म्हणून तुम्ही कीबोर्ड निवडताना आधी डावं शिफ्ट बघा. ते लांब हवं, थेट झेडला भिडलेलं. काही कीबोर्डांवर शिफ्ट आखूड करून त्याच्या आणि झेडच्या मध्ये एक ज्यादा बटण घुसवलेलं असतं. तो कितीही शांत असला तरी घेऊ नका, करंगळी रोज त्या मधल्या बटणावर पडेल. लांब शिफ्टची दोन्ही टोकं दाबून बघा. एक टोक दाबल्यावर दुसरं वर उचललं जात असेल तर ते सहा महिन्यांत वाजणार.

देवनागरी-कन्नड अक्षरं छापलेला कीबोर्ड शोधत बसू नका. साध्या कीबोर्डवर पारदर्शक स्टिकर लावा आणि सवय झाली की काढून टाका. विंडोजमध्ये दोन्ही भाषा जोडल्या की विंडोज बटण आणि स्पेस एकत्र दाबून अदलाबदल होते. मराठी जोडताना 'मराठी' एवढंच नाव असलेला कीबोर्ड घ्या. 'फोनेटिक' हा वेगळा असतो, त्यावर तुमची बोटं गोंधळतील.

आता पाऊस. साध्या मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये प्लास्टिकचे पातळ पापुद्रे एकावर एक असतात आणि त्यांवर वीज वाहणाऱ्या शाईच्या रेघा छापलेल्या असतात. एकेका रेघेवर बरीच बटणं. खानापूरच्या पावसाळी दमटपणात एखादी रेघ कडेला गंजून तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. त्यामुळे एकच बटण अडत असेल तर खाली कचरा किंवा रबर फाटलेलं असतं, ते साफ करून सुधारतं. चार-पाच एकत्र गेली तर रेघ गेली असं समजा आणि दुरुस्तीवर पैसे घालू नका. काळजी म्हणून कीबोर्ड खिडकीपासून लांब ठेवा. रात्री त्यावर प्लास्टिक झाकू नका, दमटपणा आत कोंडतो. जुन्या सुती ओढणीचं आच्छादन पुरे. चहा सांडला तर आधी वायर काढा, लगेच उलटा करा, आणि निदान दोन दिवस पंख्याखाली उलटाच राहू द्या. हेअर ड्रायर लावला तर पापुद्रे वाकतात.

प्रश्न : अभ्यासिकेत दहा संगणक आहेत. वाचणाऱ्या मुलांची तक्रार माउसच्या कटकटीची आहे. वायरलेस सायलेंट माउस घ्यावेत का? (निपाणी)

सायलेंट घ्या, पण वायरचे. दहा वायरलेस म्हणजे दहा सेल आणि संगणकाच्या यूएसबीत लावायचे नखाएवढे दहा रिसीव्हर, जे एकमेकांत बदलतील किंवा हरवतील. स्वस्त माउसचा रिसीव्हर त्या माउसशी कायमचा बांधलेला असतो, तो गेला की माउस टाकून द्यावा लागतो. लॉजिटेकचा एम११० सायलेंट हा वायरचा माउस अशा जागी बरा.

सायलेंट म्हणजे काय तेही मुलांना सांगून ठेवा. डावी आणि उजवी ही दोन बटणं शांत असतात. चाकाचं मधलं बटण आणि चाकाची करकर बहुतेक तशीच राहते. शिवाय सनमायकावर माउस घासण्याचा आवाज बटणाइतकाच कानाला टोचतो. म्हणून प्रत्येकाखाली कापडी मॅट हवंच. त्यानं दुसरंही काम होतं. चकचकीत सनमायकावर सेन्सरला पृष्ठभागाचे कण नीट दिसत नाहीत आणि बाण थरथरतो. शंका आली तर माउसखाली साधा कोरा कागद ठेवा. बाण स्थिर झाला तर माउस चांगला आहे, दोष टेबलाचा.

डीपीआयच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. १००० डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की हजार पावलं मोजली जातात. १९२० ठिपके रुंद पडदा सुमारे दोन इंचांत पार होतो. अभ्यासिकेला तेवढं भरपूर झालं.

घरी स्वतःसाठी कुणी वायरलेस घेणार असेल तर हाताचं माप घ्या : मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. १८ सेंटिमीटरचा हात असेल तर माउस ११ च्या आसपास बरा. लॉजिटेकचा एम२२० दहाच्या आसपास आहे, लहान हाताला चांगला आणि डावखुऱ्यालाही चालतो. एम३३० थोडा मोठा, पण फक्त उजव्या हातासाठी घडवलेला. वायरलेस माउस अडखळत असेल तर सेल बदलण्याआधी रिसीव्हर कुठे लावलाय ते बघा. निळ्या यूएसबी ३ पोर्टला शेजारी पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क चालू असेल तर त्यांचा विद्युत गोंगाट माउसच्याच, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. रिसीव्हर काळ्या पोर्टला लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरनं बाहेर काढा.

प्रश्न : फाउंड्रीच्या ऑफिसात माउस एकदा दाबला की दोनदा लागतो, आणि चाक खाली फिरवलं की पान वर उडी मारतं. दर काही महिन्यांनी नवा घेतोय. (उद्यमबाग, बेळगाव)

दोन वेगळे दोष आहेत. बटणाखालच्या छोट्या स्विचमध्ये तांब्याची पातळ पट्टी असते. तिच्या टोकावर काजळी धरली किंवा तिचा ताण गेला की एका दाबात ती दोनदा टेकते. चाकाची उडी मात्र धुळीची : चाक किती फिरलं हे मोजणाऱ्या भागात बारीक कण बसतात. दोन्हींसाठी इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर आणा, वायर किंवा सेल काढून बटणाच्या फटीत आणि चाकाच्या बाजूला नळीनं एकेक छोटा फवारा मारा, वीस-तीस वेळा दाबा-फिरवा, अर्धा तास वाळू द्या. चाक बहुधा सुधारतं. बटण काही आठवडे चालून परत तसंच झालं तर पट्टी थकली आहे, माउस बदला. पुढचा घेताना 'ऑप्टिकल स्विच' असलेला बघा. त्यात धातू धातूला टेकत नाही, दाब प्रकाशावर ओळखला जातो, म्हणून हा रोग त्याला होत नाही. तो शांत असेलच असं नाही, पण तुमच्या शेजारी मशिनं चालू आहेत, तुम्हाला टिकाऊपणा जास्त महत्त्वाचा.

कीबोर्ड तुमच्याकडे मेम्ब्रेनचाच ठेवा, त्याच्या मापाचं सिलिकॉनचं आवरण घालून. सध्या चुंबकी स्विचचे कीबोर्ड निघाले आहेत ते तुमच्यासाठी नाहीत : प्रत्येक बटणात चुंबक, आणि हवेत लोखंडाचा कीस. आठवड्याला एकदा माउस उलटा करून सेन्सरच्या भोकात कोरडी कापसाची काडी फिरवा. फुंकर मारू नका, तोंडातली ओल आत जाते.

प्रश्न : उसाच्या वजनकाट्यावर दिवसभर आकडेच टाकायचे असतात. कोणता कीबोर्ड? (चिकोडी)

कीबोर्ड आहे तो राहू द्या आणि यूएसबीचा सुटा नंबरपॅड घ्या. तो माउसच्या डावीकडे किंवा सरळ डाव्या हाताला ठेवता येतो, आणि झिजला तर तेवढाच बदलायचा. घेताना तीन गोष्टी बघा. पाचवर बोटाला लागणारा उंचवटा हवा. शून्याचं बटण दुप्पट रुंद हवं. आणि एंटर उभं, दोन ओळींचं हवं. गाड्यांची रांग लागलेली असताना नजर काट्यावर असते, बोटांना जागा त्या उंचवट्यावरूनच कळते. तो झिजलेला असेल तर फेविक्विकचा बारीक थेंब पाचच्या टोपीवर द्या. टोपी आधी काढून घ्या आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.