‘शंभर टक्के सॉलिड वूड’ म्हणतात, पण पावसाळ्याचं काय?

प्रश्न : ठाण्याला खाडीच्या बाजूला आमचा फ्लॅट आहे, हॉल आणि एका बेडरूमला लाकडी फ्लोअरिंग करायचं चाललंय. शोरूमवाला सांगतो की हे शंभर टक्के सॉलिड हार्डवूड आहे, ‘ब्राझिलियन टीक’, जांका ३५०० म्हणजे आपल्या सागाच्या तिप्पट कडक, वॉटरप्रूफ कोटिंग, ३० वर्षांची वॉरंटी, शिवाय आहे त्या टाइल्सवरच दोन दिवसांत बसवून देणार. मिस्टर म्हणतात घेऊन टाकू. मी त्याला नेमकं काय विचारू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आधी नाव बघू. ‘ब्राझिलियन टीक’ हा साग नाहीच, ते कुमारू नावाचं दक्षिण अमेरिकेतलं झाड आहे, तसंच ‘ब्राझिलियन चेरी’ म्हणजे जाटोबा, त्याचा चेरीशी संबंध नाही. लाकूड वाईट आहे असं अजिबात नाही, चांगलं कडक आणि टिकाऊ आहे, पण साग म्हटल्यावर आपल्या मनात जे जे येतं ते सगळं या नावासोबत फुकट मिळत नाही. म्हणून बिलावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहून मागा, सागाचं टेक्टोना ग्रँडिस, कुमारूचं डिप्टेरिक्स ओडोराटा. नावाची गडबड मोठ्या ठिकाणीही होते बरं का, अमेरिकेतल्या लंबर लिक्विडेटर्स या फ्लोअरिंग कंपनीने २०१५ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला, त्यात रशियाच्या पूर्व टोकाकडचा ओक कागदावर वेल्श ओक म्हणून दाखवल्याचाही प्रकार होता, आणि सगळं मिळून १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर भुर्दंड पडला.

आता जांका. ११.२८ मिमीची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, तो आकडा. साग साधारण १००० ते ११५० पाउंड, अमेरिकेत घरोघरी दिसणारा रेड ओक १२९०. म्हणजे तिप्पट हे खरं आहे, पण त्यावरून कळतं इतकंच की टाचेने किंवा खुर्चीच्या पायाने खड्डा किती पडेल. चपलेखालच्या रेतीने ओरखडे पडणं हे वरच्या पॉलिशवर अवलंबून, आणि पावसाळ्यात लाकूड किती फुगेल हे या आकड्यात कुठेच नाही.

आणि तुमच्यासाठी खरा प्रश्न तोच आहे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, त्याला कुठलंही कोटिंग कायमचं थांबवू शकत नाही, फक्त वेग कमी करतं. हवेत ४० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातली ओल साडेसात टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, ८० टक्के असेल तर सोळाच्या आसपास, आणि ठाण्यात जुलैमध्ये ८० म्हणजे रोजचंच. फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. हिशोब करून बघा : १२० मिमी रुंदीची साध्या कापाची रेड ओकची फळी, ओल फक्त ४ टक्क्यांनी वाढली तरी ती पावणेदोन मिमी रुंद होते, आणि तीन मीटरच्या खोलीत अशा पंचवीस फळ्या, म्हणजे चार सेंटीमीटरच्या वर. खिळे आणि गोंद तिला तेवढं पसरू देत नाहीत, मग तो दाब कडा उचलण्यात किंवा मधेच फळ्या वर येण्यात निघतो. साग याच हिशोबात साधारण निम्माच फुगतो, आपल्याकडे सागाला उगाच मान नाही. त्यामुळे शोरूमवाल्याला विचारा की हे लाकूड ओलीच्या दर टक्क्याला किती फुगतं आणि फळ्या माझ्या घरी येतील तेव्हा मीटरवर किती ओल दाखवतील. मीटर काढून दाखवणाऱ्याशी पुढचं बोला.

‘वॉटरप्रूफ’ हे वरच्या थरापुरतं. सांडलेलं पाणी पुसायला वेळ मिळतो, ते चांगलंच आहे, पण सांध्यातून आणि खालून येणाऱ्या ओलीला ते काही करत नाही.

वॉरंटीचा कागद घरी आणून बारीक अक्षरं वाचा, सगळ्यात आधी आर्द्रतेची अट. घरातली आर्द्रता अमुक ते तमुकच राहिली पाहिजे असं बऱ्याच कंपन्या लिहितात, वरची मर्यादा ५५-६० असेल तर बाराही महिने एसी किंवा डीह्युमिडिफायर न चालवणाऱ्या घरात ती वॉरंटी पहिल्याच जूनमध्ये संपली असं समजा. ३० वर्षं पॉलिशची की लाकडाची, मजुरी धरून की नुसता माल, हेही लिहून घ्या.

टाइल्सवर दोन दिवसांत, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. सॉलिड फळ्या क्लिक करून नुसत्या तरंगत्या बसवायचा माल नाही, त्या प्लायवर खिळ्यांनी ठोकतात किंवा लवचिक गोंदाने पूर्ण चिकटवतात. टाइल्स ठोकून बघायला हव्यात, पोकळ वाजणाऱ्या काढाव्या लागतात, चकाकी घासावी लागते. वर १२ चा प्लाय आणि १८ ची फळी म्हणजे ३० मिमी उंची वाढली, दारं कापावी लागणार, पॅसेजला पायरी येणार. भिंतीकडेने १०-१२ मिमी जागा सोडून वर स्कर्टिंग, ती जागा कोणी सिमेंटने भरू देऊ नका. आणि फळ्या त्याच खोलीत उघड्या ठेवून मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं असतं, मग दोन दिवस कुठून आले?

‘सॉलिड आहे, कितीही वेळा घासून नवं करा’ असंही तो म्हणेलच. घासता येतं ते फक्त सांध्याच्या खाचेच्या वर, १८ मिमीच्या फळीत ते साधारण ६ मिमी. ४ मिमी खऱ्या लाकडाचा थर असलेलं चांगलं इंजिनिअर्ड फ्लोअरिंगही दोन-तीनदा घासता येतं आणि खालच्या उभ्या-आडव्या प्लायमुळे फुगतं खूप कमी. अर्धा-एक मिमीचा थर असेल तर मात्र घासायचं नावच काढू नका. मला विचाराल तर खाडीकाठच्या घरात मी जाड थराचं इंजिनिअर्डच घेईन, सॉलिडच हवं असेल तर अरुंद फळ्यांचा साग, आणि काम दिवाळीनंतर.

प्रश्न : पुण्यात मे महिन्यात तळमजल्याच्या घरी सॉलिड ओक बसवला, ऑगस्टमध्ये प्रत्येक फळीच्या कडा वर आल्यात. काँट्रॅक्टर म्हणतो घासून सपाट करून देतो. करू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आत्ता अजिबात नको. फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा ओली झालीय म्हणून कडा उचलल्यात. या अवस्थेत घासलं तर कडांचं लाकूड जाईल आणि हिवाळ्यात फळ्या सुकल्या की मधे उंचवटा राहील, तो परत घासायला लाकूड लागेल. आधी ओल कुठून येते ते शोधा. स्लॅबच्या उघड्या भागावर दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दुपारी लावून दुसऱ्या दिवशी सकाळी काढा, खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं तर ओल जमिनीतून येतेय आणि खाली पॉलिथिनचा अडसर टाकलाच नाही की काय हे काँट्रॅक्टरला लेखी विचारा. बाथरूमची आणि बाहेरची भिंतही तपासा. ओल थांबल्यावर फेब्रुवारीपर्यंत थांबा, बऱ्याच फळ्या आपोआप बसतात, उरलेल्या तेव्हा घासा. तोवर कडांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा आणि त्याचं शेवटचं पेमेंट बाकी असेल तर तसंच राहू द्या.