चांगली नाटकं येत असूनही नोकरदार कुटुंबं नाट्यगृहात का दिसत नाहीत?

तिकिटं महाग झाली, ओटीटीने सवय बिघडवली, अशी उत्तरं तुम्हाला मिळतीलच. मला ती अर्धवट वाटतात. आम्ही डोंबिवलीकर, दोघंही नोकरीवाले, थोरली दहावीत, धाकटा तिसरीत. पैशाचं म्हणाल तर गेल्या महिन्यात मॉलमध्ये नुसत्या खाण्यावर जे उडवलं, त्यात चार तिकिटं सहज आली असती. आमचं अडतं दुसरीकडेच.

नाटक असतं दोन-सव्वादोन तासांचं. समजा, रविवारी दुपारी चारचा प्रयोग आहे, दादरला शिवाजी मंदिरात. रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, तेव्हा दोनलाच घराला कुलूप लावायचं. परत यायला साडेआठ. झाले साडेसहा तास! आणि ते चौघांचे एकाच दिवशी, एकाच वेळी मोकळे हवेत. थोरलीच्या क्लासची टेस्ट नेमकी रविवारी. ती नसली तर कुणाचं तरी केळवण, नाहीतर धाकट्याचं सोमवारी द्यायचं प्रोजेक्ट.

सिनेमाचा दुपारचा शो हुकला तर संध्याकाळचा असतो. मालिका तर भाजी निवडतानाही बघता येते. नाटकाचा आजचा प्रयोग हुकला की पुढचा कधी आणि कुठल्या गावात, ते जाहिरात येईपर्यंत कळत नाही. त्यात बरेच कलाकार आठवडाभर मालिकांच्या शूटिंगला, म्हणून प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारीच. आमचीही सगळी तुंबलेली कामं त्याच दोन दिवसांत.

नाटकं लहान करून हे सुटेल असं मला वाटत नाही. संगीत नाटकं एके काळी रात्र रात्र रंगायची, पुढे तीन अंक राहिले, आता दोन. कात्री नाटकाला लागली, डोंबिवली-दादर अंतर मात्र तेवढंच राहिलं. (गावात सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, पण हवं ते नाटक हव्या त्या रविवारी तिथे लागायला नशीब लागतं.)

आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी बोलत नाही. माझ्या आईकडे शनिवारचा पेपर आला की नाटकांच्या जाहिराती आधी वाचल्या जायच्या, कुठलं बघायचं यावर भांडणं व्हायची. आमच्याकडे लॉकडाऊनमध्ये पेपर बंद झाला तो झालाच. आता नाटक होऊन गेल्याचं मला मैत्रिणीच्या स्टेटसवर कळतं.

उलट माझ्या सासूबाई. त्यांच्या भिशीतल्या आठजणी एकमेकींना फोन करतात, एकजण तिकिटं काढते, रिक्षा वाटून घेतात आणि निघतात. ना टेस्ट, ना प्रोजेक्ट. प्रेक्षागृहात पांढरे केस जास्त दिसतात ते काही तरुणांना नाटकाची आवड उरली नाही म्हणून नव्हे.

आम्ही शेवटी सगळ्यांनी मिळून जायचा हट्टच सोडला. कधी मी आणि थोरली, कधी नवरा आणि सासूबाई. गेल्या वर्षी अशी तीन नाटकं झाली. धाकट्याला एकाही नाटकाचं सोयरसुतक नाही, पण मध्यंतरातला बटाटावडा आपल्याला सोडून खाल्ला, हे तो अजून ऐकवतो.